उमेदवारांची जाहीर चर्चा रद्द झाली? बातमी लिहिताना या चुका टाळा

निवडणूक लागली की गावोगावी ‘आमनेसामने’, ‘खुलं व्यासपीठ’, ‘उमेदवार आपल्या भेटीला’ असे फलक झळकतात. आयोजक कधी नागरिक मंच असतो, कधी गृहनिर्माण सोसायट्यांचा महासंघ, कधी पत्रकार संघ, कधी स्थानिक यूट्यूब चॅनेल. यातले बरेच कार्यक्रम होतच नाहीत. झाला तर बातमी सोपी असते, कारण समोर घडलेलं लिहायचं असतं. रद्द झाला की डोळ्यांनी बघण्यासारखं काहीच उरत नाही, आणि जे कळतं ते तीन हितसंबंधी तोंडांतून कळतं: येणारा उमेदवार, न येणारा उमेदवार आणि फजिती झाकू पाहणारा आयोजक. तिघंही खरं बोलत असतील, पण आपापल्या सोयीपुरतंच.

तरीही ही बातमी वीस मिनिटांत उरकली जाते. मग दर निवडणुकीत त्याच त्या चुका.

‘पळ काढला’ची घाई

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते, म्हणून आधी हिच्याबद्दल.

कार्यक्रम रद्द, एक उमेदवार गैरहजर, म्हणजे त्याने पळ काढला. मथळा तयार, थंबनेलवर लाल बाण, तोंडावर प्रश्नचिन्ह. प्रत्यक्षात ‘चर्चा रद्द झाली’ या तीन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या कृती दडलेल्या असतात आणि प्रत्येक कृतीचा कर्ता आणि वेळ वेगळी असते. हे एकदा सावकाश उलगडून बघा.

धरून चला, नगराध्यक्षपदाला चार उमेदवार आहेत. नागरिक मंचाने शनिवारी संध्याकाळी सहाला नगरपरिषदेच्या नाट्यगृहात चर्चा ठेवली. बुधवारी निमंत्रणं गेली, ती तिघांनाच. चौथा अपक्ष, त्याला कुणी विचारलंच नाही. दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्याच्या स्वीय सहायकाने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘बघतो, साहेबांशी बोलून सांगतो.’ आयोजकांनी तो होकार धरला आणि तिघांचे फोटो टाकून फ्लेक्स छापायला दिला. गुरुवारी तिसऱ्याकडून दोन अटी आल्या: प्रश्न आधी द्या आणि प्रेक्षकांतून प्रश्न नकोत. आयोजकांनी पहिली अट अर्धवट मान्य केली, दुसरी नाकारली. शुक्रवारी दुपारी ठरलेला सूत्रसंचालक आजारी पडला. त्याच्या जागी ज्याला आणलं तो महिन्याभरापूर्वी पहिल्या उमेदवाराच्या मेळाव्यात माइक धरून उभा होता. शुक्रवारी रात्री आठला तिसऱ्याने लेखी नकार कळवला, कारण सूत्रसंचालक. शनिवारी सकाळी पोलिसांनी पत्राने कळवलं की त्याच वेळी शेजारच्या चौकात एका पक्षाची सभा आहे, बंदोबस्त पुरणार नाही. दुपारी दोनला आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला. दोन वाजून वीस मिनिटांनी पहिल्या उमेदवाराने रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून व्हिडिओ टाकला. तीनपर्यंत चार पोर्टलवर ‘पळ काढला’ झळकलं.

आता सांगा, रद्द कुणी केलं? आयोजकांनी. माघार कुणी घेतली? तिसऱ्याने, आदल्या रात्री, लेखी आणि कारण देऊन. ते कारण पटण्यासारखं होतं का? हा वाचकाचा प्रश्न आहे, पण सूत्रसंचालकाची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय वाचक ठरवणार कशावरून? तिसरा आला असता तर कार्यक्रम झाला असता का? पोलिसांच्या पत्रामुळे तेही नक्की नाही. आणि ज्या माणसाने ‘बघतो’ म्हटलं त्याने ‘शब्द फिरवला’ असं लिहिणं चूक आहे. आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. ‘प्रयत्न करतो’, ‘कळवतो’, ‘साहेबांच्या कानावर घालतो’ हे सगळे सभ्य नकार असतात, हे आयोजकालाही ठाऊक असतं आणि तुम्हालाही.

उलट बाजूही आहे. तिसऱ्याने खरोखरच लेखी होकार दिला असता, अट एकही घातली नसती आणि शनिवारी चारला फोन बंद करून तालुक्याबाहेर गेला असता, तर तसंच लिहायचं. ‘दोन्ही बाजूंनी आरोप-प्रत्यारोप’ असा गुळमुळीत मथळा देणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. कागद एका बाजूला झुकत असेल तर बातमीही तिकडे झुकली पाहिजे. ‘समतोल’ या नावाखाली खऱ्याला आणि खोट्याला निम्मी-निम्मी जागा वाटणारे उपसंपादक ‘पळ काढला’ लिहिणाऱ्यांइतकेच घातक असतात, फक्त त्यांच्यावर कुणी ओरडत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. कॉपी लिहायच्या आधी वहीत चार रकाने आखायचे: तारीख-वेळ, कुणी, काय केलं, पुरावा काय. पुराव्याच्या रकान्यात ‘आयोजक म्हणाले’ एवढंच असेल तर बातमीतही ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’ एवढंच लिहायचं. रकाने भरले की मथळा आपोआप सुचतो, आणि तो बहुतेक वेळा ‘पळ काढला’पेक्षा जास्त वाचनीय असतो. ‘सूत्रसंचालकावरून वाद, उमेदवाराची माघार, बंदोबस्तालाही पोलिसांचा नकार, चर्चा रद्द’ यात तीन बातम्या आहेत.

मागायचे कागद ठरलेले आहेत: निमंत्रणपत्र आणि त्याची पोच, होकाराचा किंवा अटींचा मेसेज, नाट्यगृहाच्या भाड्याची पावती, पोलिसांकडे केलेला अर्ज, आणि कार्यक्रम रद्द केल्याचा मेसेज सगळ्यांना कधी गेला ते. मेसेजचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर तेवढ्यावर थांबू नका. समोर बसून त्या माणसाच्या फोनमध्ये आधीचे-नंतरचे मेसेज बघा. ‘फॉरवर्डेड’ किंवा ‘एडिटेड’ असा शिक्का आहे का, नंबर कुणाचा आहे, वेळ कोणती, मधले मेसेज पुसलेत का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. ‘उद्या नक्की येतो’ हा मेसेज चर्चेबद्दल होता की गणपती मंडळाच्या बैठकीबद्दल, हे वरच्या दोन ओळी वाचल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या पातळीवरही हेच घडतं. २०२० साली अमेरिकेत ट्रम्प आणि बायडेन यांच्यातली १५ ऑक्टोबरची दुसरी चर्चा रद्द झाली. ट्रम्प यांना कोविड झालेला. या चर्चा आयोजित करणाऱ्या आयोगाने ८ ऑक्टोबरला ती दूरस्थ पद्धतीने घ्यायचं जाहीर केलं, ट्रम्प यांनी तशा चर्चेला नकार दिला, बायडेन यांनी १५ ऑक्टोबरलाच एबीसी वाहिनीवर मतदारांशी संवाद ठरवला, ट्रम्प यांच्या बाजूने नव्या तारखा सुचवल्या गेल्या, आणि ९ ऑक्टोबरला आयोगाने चर्चा रद्द केली. कोणत्या पायरीवर बोट ठेवाल त्यावर दोषी बदलतो. म्हणून सगळ्या पायऱ्या क्रमाने द्याव्या लागतात, आणि त्या एका परिच्छेदात बसतात.

‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’

ही दुसरी आवडती पळवाट. रात्री साडेनऊला कॉपी तयार, पावणेदहाला एक फोन, तीन रिंगा, आणि शेवटच्या ओळीत ‘संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता होऊ शकला नाही’. ज्याच्यावर अख्खी बातमी आहे त्याच्यासाठी पंधरा मिनिटं. पुढची दोन वर्षं तो उमेदवार तुमचा फोन उचलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

प्रचारातल्या उमेदवाराचा दिवस माहीत असेल तर तो सापडतो. सकाळी पदयात्रा. दुपारी दोन ते चार जेवण, थोडी विश्रांती, कार्यालयात बैठक. पाचनंतर कोपरा सभा, रात्री उशिरा कार्यकर्त्यांशी हिशेब. फोन उचलला जाण्याची खरी वेळ दुपारी दोन ते साडेतीन. तेव्हा फोन करा. उचलला नाही तर निवडणूक प्रतिनिधीला करा, मग प्रचार कार्यालयात. कुणीच सापडलं नाही तर चालत जा. तालुक्याच्या गावात प्रचार कार्यालय किती लांब असणार?

त्यानंतर लेखी प्रश्न. व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर, तीनच आणि नेमके: निमंत्रण कधी मिळालं आणि तुम्ही होकार दिला होता का? न येण्याचं कारण कधी आणि कुणाला कळवलंत? दुसऱ्या तारखेला यायची तयारी आहे का? शेवटी वेळ लिहायची: ‘रात्री नऊपर्यंत उत्तर आल्यास उद्याच्या बातमीत घेऊ.’ ‘आपली भूमिका कळवावी’ असला मोघम प्रश्न पाठवलात तर दोन पानांचं प्रचारपत्रक येईल आणि ते कापल्याबद्दल शिव्याही खाव्या लागतील.

उत्तर नाही आलं तर बातमीत स्पष्ट लिहा: दुपारी दोन दहाला आणि साडेचारला फोन केले, चार पस्तीसला लेखी प्रश्न पाठवले, रात्री नऊपर्यंत उत्तर आलं नाही. ही एक ओळ वाचकाला सगळं सांगते. ‘नॉट रिचेबल’ हा शब्द मात्र वापरू नका. फोन लागला नाही ही घटना आहे. ‘नॉट रिचेबल’ म्हटलं की माणूस फरार असल्याचा वास येतो.

उत्तर आलं तर ते चौथ्या परिच्छेदाच्या आत हवं. मोबाइलवर वाचणारा शेवटपर्यंत जात नाही आणि छापील पानात जागा कमी पडली की कात्री खालूनच लागते. वाक्यं त्यांचीच ठेवा, पण त्यातला दावाही तपासा. ‘आमचं निमंत्रण वेळेत आलंच नाही’ असं कुणी म्हटलं आणि पोचेवर त्यांच्याच कार्यालयाची सही असेल, तर दोन्ही एकाखाली एक द्या. भाष्य करू नका, गरज पडत नाही.

‘पोलिसांनी परवानगी नाकारली’ हे आयोजकाच्या तोंडून घेणं

हे वाक्य आयोजकाला फार सोयीचं. उमेदवार दुखावला जात नाही, पोलिस उलट बोलायला येत नाहीत. पण बऱ्याचदा अर्जच उशिरा गेलेला असतो, किंवा सभागृहाला परवानगी मिळालेली असते आणि फक्त बाहेरच्या लाउडस्पीकरला नकार असतो. कधी कुणी ‘त्यापेक्षा पुढं ढकला ना’ एवढंच तोंडी म्हटलेलं असतं.

अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख असते, नकाराच्या पत्रावर जावक क्रमांक. दोन्ही आयोजकाकडे मागा. पत्र दाखवता येत नसेल तर ‘तोंडी नकार मिळाल्याचं आयोजकांनी सांगितलं’ असं लिहून पोलिस निरीक्षकांना आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या परवानगी कक्षाला विचारा. माहिती अधिकाराच्या भानगडीत पडू नका. तिथे तीस दिवसांची मुदत आहे, तोवर नवे नगराध्यक्ष खुर्चीत बसलेले असतील.

पत्रात कोणतं कलम आहे तेही वाचा. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश साधारण सगळ्या हद्दीला लागू असतो, एका कार्यक्रमासाठी काढलेला नसतो. त्याच आदेशाखाली त्याच आठवड्यात इतर पक्षांच्या सभांना परवानगी मिळाली असेल, तर ती खरी बातमी आहे आणि ती तुमच्या हातातून निसटत असते. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा नियम मात्र सगळ्यांनाच लागू. मैदानावर साडेआठला सुरू होणाऱ्या चार उमेदवारांच्या चर्चेचा जीव त्यातच जातो, त्यात कट-कारस्थान शोधू नका.

आणि कृपा करून आयोग कोणता ते नीट लिहा. नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ‘केंद्रीय निवडणूक आयोगाकडे तक्रार’ असं लिहिलेल्या बातमीतली तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेलेली असते किंवा वार्ताहर चुकलेला असतो.

जे ठरलंच नव्हतं ते ‘रद्द’ कसं होईल?

आव्हान, निमंत्रण, होकार, तारीख, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी ते स्वीकारलं. भाजपच्या युवा मोर्चाचे अध्यक्ष तेजस्वी सूर्या यांनी आपल्या बाजूने मोर्चाचे उपाध्यक्ष अभिनव प्रकाश यांचं नाव पुढे केलं. चर्चा झाली नाही. पण तारीख, ठिकाण, स्वरूप काहीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे ‘रद्द’ हा शब्द तिथे बसत नाही. ‘निमंत्रणावर पंतप्रधानांशी चर्चा ठरली नाही’ एवढंच म्हणता येतं. गावपातळीवर ‘हिंमत असेल तर चौकात या’ असं सभेत म्हटलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ‘आव्हान स्वीकारलं नाही’ अशी बातमी लागते. सभेतल्या आरोळीला निमंत्रण म्हणत नाहीत.

रिकामी खुर्ची

फोटो दमदार असतो, मान्य. पण आधी दोन गोष्टी बघा. खुर्ची कार्यक्रमाच्या वेळी रिकामी होती की कार्यक्रम रद्द झाल्यावर मुद्दाम मांडून फोटो काढला? आणि फोटो तुमच्या छायाचित्रकाराने काढला की उमेदवाराच्या सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोराने? दुसरं असेल तर तो प्रचाराचा फोटो आहे, फोटोखालच्या ओळीत तसं लिहा, किंवा वापरू नका.

ब्रिटनमध्ये २०१९च्या निवडणुकीत चॅनल फोरच्या हवामानविषयक चर्चेला तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ब्रेक्झिट पार्टीचे नेते नायजेल फराज आले नाहीत. चॅनेलने त्यांच्या जागी पृथ्वीच्या आकाराची वितळती बर्फाची शिल्पं ठेवली. जॉन्सन यांच्या पक्षाने मंत्री मायकेल गोव्ह यांना पाठवलं होतं, पण चर्चा पक्षप्रमुखांची आहे म्हणून त्यांना बसू दिलं नाही. पक्षाने तक्रार केली, प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमने ती फेटाळली. यावरून ‘आम्हीही पुतळा ठेवणार’ असं ठरवू नका. तिथे चर्चा प्रत्यक्षात झाली, निमंत्रणाची अट आधीपासून स्पष्ट होती, आणि ‘बदली वक्ता चालणार नाही’ हेही. तुमच्या आयोजकाच्या निमंत्रणात बदली वक्त्याबद्दल एक ओळ तरी आहे का? नसेल तर ‘उमेदवाराने स्वतः न येता वकील पाठवला’ असा टोमणा मारण्याआधी ते पत्र पुन्हा वाचा.

राहिलेल्या उमेदवाराला तासभर मोकळं रान

चर्चा रद्द झाली की सभागृह भाड्याने घेतलेलं असतं, लाइव्हची तयारी झालेली असते, आणि जो आला आहे तो बोलायला उत्सुक असतो. मग ‘विशेष मुलाखत’. ही फुकटची सभा होते, आणि तिच्यावर तुमच्या चॅनेलचा लोगो असतो. घ्यायचीच असेल तर बाकीच्यांना तेवढाच वेळ, तेच प्रश्न आणि तोच स्लॉट द्यायचं लेखी कळवा, आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच तसं सांगा.

स्वतंत्र मुलाखतींतही एक खड्डा आहे. वर सांगितलेली अमेरिकेतली चर्चा रद्द झाल्यावर १५ ऑक्टोबरला बायडेन एबीसीवर आणि ट्रम्प एनबीसीवर एकाच वेळी दिसले. प्रेक्षकाला एकच बघता आलं, आणि तीच वेळ निवडल्याबद्दल एनबीसीवर टीका झाली. दोन मुलाखती करायच्या तर वेळा वेगळ्या ठेवा, क्रम चिठ्ठी टाकून ठरवा, आणि दोघांना दिलेल्या वेळेत मिनिटाचाही फरक नको. उमेदवाराचा माणूस घड्याळ लावून बसलेलाच असतो.

अपक्षांना विसरणं

मतपत्रिकेवर किती नावं आहेत, निमंत्रण किती जणांना होतं आणि कोणत्या निकषावर, ही माहिती बातमीत एका वाक्यात हवीच. ‘सर्व उमेदवारांची चर्चा’ असं छापून सातपैकी तिघांनाच बोलावलेलं असेल, तर कार्यक्रम रद्द होण्याआधीच तो अन्यायाचा होता.

स्वतःच आयोजक असणं लपवणं

तुमचं दैनिक, तुमचं चॅनेल किंवा तुम्ही सभासद असलेला पत्रकार संघ आयोजक असेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सांगा. प्रायोजकाने हात काढून घेतल्यामुळे कार्यक्रम रद्द झाला असेल तर तेही. एखाद्या उमेदवाराचं जाहिरातींचं पॅकेज तुमच्याकडे सुरू असताना त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर ‘पळ काढला’ लिहिणार असाल, तर त्याला बातमी म्हणू नका.

आणखी काही, एकेका ओळीत

‘नागरिकांमध्ये संतापाची लाट’: चहाच्या टपरीवरच्या तिघांची लाट होत नाही, बोललेल्यांची संख्या आणि ठिकाण लिहा.

‘सूत्रांच्या माहितीनुसार राजकीय दबाव’: कुणी, कुणावर, कसा, यातलं एकही माहीत नसेल तर ही ओळ काढा.

‘चर्चांना उधाण’: कुठे, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर?

आजारपणाचं कारण दिलं असेल तर अवतरणचिन्हात ‘आजारी’ लिहून डोळा मारू नका. त्याच संध्याकाळी तो दुसऱ्या सभेत दिसला असेल तर फोटो, ठिकाण आणि वेळ सरळ द्या.

प्रेसनोट जशीच्या तशी लावणाऱ्यांना काय सांगणार!

मतदान पुढे गेल्यामुळे रद्द झालेली चर्चा

२०२५च्या नगरपरिषद निवडणुकांत मतदान २ डिसेंबरला होतं. उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचा घोळ झाल्यामुळे आयोगाने काही ठिकाणचं मतदान ऐन वेळी २० डिसेंबरवर ढकललं. अशा गावात त्या आठवड्यातला कार्यक्रम रद्द झाला तर उमेदवाराचा त्यात दोष शोधू नये. मात्र नवी तारीख मिळाल्यावर पुन्हा निमंत्रणं गेली का, तेव्हा कोण हो म्हणालं, हे विचारायला हवं. पहिल्या वेळी वेळापत्रकाआड लपलेला दुसऱ्या वेळी उघडा पडतो, आणि पहिल्या वेळी विनाकारण बदनाम झालेल्याचं नावही साफ होतं. या पाठपुराव्याला कुणी जात नाही, कारण तोवर वार्ताहराला दुसरी ‘ब्रेकिंग’ मिळालेली असते.

लोकांचे प्रश्न कचऱ्यात जाणं

कुणी आलं नाही यावर चार दिवस बातम्या चालतात. पण सभागृहात येणाऱ्यांनी चिठ्ठ्यांवर लिहिलेले प्रश्न कुठे गेले? पाणी किती दिवसांआड येतं, कचरा डेपो कुठे हलवणार, विकास आराखड्यातलं मैदानाचं आरक्षण का उठलं, घरपट्टीची वाढ कोण थांबवणार. आयोजकाकडून ते गठ्ठ्याने मागून घ्या. एकसारखे एकत्र करून दहाच्या आत आणा. मतपत्रिकेवरच्या प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न एकाच वेळी लेखी पाठवा, प्रत्येक उत्तराला शंभर शब्दांची मर्यादा आणि दोन दिवसांची मुदत द्या. आलेली उत्तरं मतपत्रिकेच्या क्रमाने छापा, न आलेल्याच्या नावापुढे ‘उत्तर आलं नाही’. रिकाम्या खुर्चीच्या फोटोपेक्षा हा रिकामा रकाना उमेदवारांना जास्त झोंबतो आणि त्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही. एक खबरदारी घ्या: प्रचार कधी थांबतो याची वेळ नगरपरिषदेला आणि महापालिकेला सारखी असेलच असं नाही. विधानसभेचे ४८ तास डोक्यात ठेवून चालू नका, आयोगाचा त्या निवडणुकीचा आदेश काढून वाचा आणि उत्तरं त्याआधी छापा.

चुकलंच तर दुरुस्ती कशी करायची

चिन्हवाटप आणि मतदान यांच्यात नगरपरिषदेला फार दिवस मिळत नाहीत. शुक्रवारच्या पहिल्या पानावरच्या चुकीचा खुलासा सोमवारी सातव्या पानावर तळाला लागला तर त्याला अर्थ नाही. त्याच पानावर, शक्य तितक्या त्याच जागी, पुढच्याच अंकात तो घ्या, आणि मूळ चूक काय होती ते सांगा. ‘अनवधानाने’ या शब्दाने काहीच कळत नाही. ‘उमेदवाराने आदल्या रात्री लेखी नकार कळवला होता, तो आमच्या बातमीत नव्हता’ असं लिहिलं की कळतं.

वेबवर मथळा बदलला की काम झालं, असं नव्या पोरांना वाटतं. लिंकच्या पत्त्यात जुन्या मथळ्याचे शब्द तसेच राहतात. व्हॉट्सॲपवर आधी फिरलेल्या लिंकखाली जुनाच मथळा आणि जुनाच फोटो दिसत राहतो. म्हणून बातमीच्या वर, तारीख-वेळेसह, काय बदललं ते लिहायचं आणि ज्या ग्रुपवर पहिली लिंक टाकली होती त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकायची. यूट्यूबवर त्याच लिंकखाली दुसरा व्हिडिओ टाकता येत नाही. शीर्षक आणि थंबनेल बदला, चुकीचा तुकडा कापा, पहिली कमेंट पिन करून खुलासा द्या. गुपचूप डिलीट करू नका. स्क्रीनशॉट विरोधकाकडे आहेच, मग ‘दबावाखाली बातमी काढली’ ही दुसरी बातमी तुमच्यावरच होते.

शेवटी फाइल. दैनिकाविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करायची तर आधी संपादकाला लिहावं लागतं, आणि प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत तक्रार करता येते. म्हणजे निकाल लागून गुलाल वाळल्यावरही नोटीस येऊ शकते. चार रकान्यांचं ते पान, पोच, परवानगीची पत्रं, फोनच्या वेळा आणि तुम्ही पाठवलेले प्रश्न तोवर एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि आयोजकांशी आणि उमेदवारांशी झालेल्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसण्याची सेटिंग चालू असेल तर निवडणूक लागल्याच दिवशी बंद करा.